शेवटची सायकल इंदुताईंची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय गुणवंतराव, व्यासपीठावर विराजमान झालेल्या आपल्या मुख्याध्यापिका गिरजाबाई, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती इंदुताई खोब्रागडे, माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी, ब्रह्मपुरीतले पालक आणि समोरच्या सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

माझ्या आधी सहा जण बोलले. ताईंनी सत्तावीस वर्षं भूगोल कसा शिकवला, फाटलेले नकाशे स्वतःच्या हातानं कसे चिकटवले, हे सगळं सांगून झालं आहे. देवराव सरांनी तर स्वतः रचलेल्या चार ओळी म्हटल्या. माझ्या वाट्याला उरली ती ताईंची सायकल. गिरजाबाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी थोडी जास्त घेणार आहे, कारण जे बोलायचं आहे ते बोलायला मला चार वर्षं लागली.

ताईंची हिरवी लेडीज सायकल गावात कोणाला माहीत नाही? पदर खोचून, कॅरिअरला दप्तर बांधून त्या वैनगंगेपर्यंत जाऊन येत. परंतु त्यांचा जीव रमायचा तो इथल्या रस्त्यावर नाही. त्या म्हणत, "सर, आपल्या पोरी सायकल शिकतेत, अन् नागपूर रोडले लागल्या की ट्रकवाला हॉर्न मारून त्यायले खाली ढकलते. एकदा तरी त्यायले असा रस्ता दाखवाचा हाये, जिथी मागं वळून पाहाच लागत नाई."

असा रस्ता ताईंना ठाऊक होता. त्यांचे वडील एटापल्लीकडे जंगलकामावर होते, लहानपण तिकडच्या डोंगरात गेलं. तिथे बांबूच्या ट्रकांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता होता. त्या भागातली तोड संपली, ट्रक बंद झाले आणि रस्ता तसाच राहिला. ताईंनी संस्थेकडे अर्ज केला, की पुढल्या वर्षी सोळा मुलींची सायकल सहल तिकडे न्यायची. संस्थेनं सांगितलं, आधी शिक्षकांनी जाऊन रस्ता पाहून यावा. रास्तच होतं ते.

म्हणून चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात आम्ही तिघं निघालो. ताई, देवराव सर आणि मी. सायकली एसटीच्या टपावर बांधल्या, एटापल्लीला उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी डोंगरात शिरलो. काय सांगू त्या रस्त्याचं? सकाळपासून दुपारपर्यंत एक मोटार नाही. एक बैलगाडी भेटली, तिच्या गाडीवानानं उतरून आमच्या सायकलींच्या घंट्या वाजवून पाहिल्या. चढ असा की उतरून ढकलावी लागे, आणि उतारावर दोन्ही बाजूंच्या सागाची वाळलेली पानं चाकाखाली कुरकुरत. मी मूळचा बल्लारपूरचा, कारखान्याच्या भोंग्यावर उठणारा माणूस. एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ताईंचा एक नियम होता. शेवटची सायकल त्यांची. पुढे कोणीही जावो, सगळ्यांच्या मागे त्या. कोणी पंक्चर झालं, कोणाचा दम संपला, तर मागे ताई आहेत, एवढं प्रत्येकाला माहीत असावं. त्या दिवशी देवराव सरांची चेन सारखी उतरत होती. मी म्हटलं, मी पुढे होतो, ओढ्यावर चहाचं पाणी ठेवतो. तेव्हा मी या शाळेचा नवा स्काउट मास्तर होतो. शिट्टी, दोर, होकायंत्र, सगळं अंगावर. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, हेही लक्षात ठेवा.

सकाळी ज्यांच्या अंगणात आम्ही थांबलो होतो त्या लालसूभाऊंनी वाट समजावून दिली होती. "दोन वाटा फुटते तिथी उजवी धरजा. फांदी टाकजा, मागचा समजते." कोणत्या वाटेवर फांदी टाकायची हे त्यांनी सांगितलं नाही. त्या मुलखात ती सांगायची गोष्टच नसते. आणि मी विचारलं नाही, कारण मी स्काउट मास्तर. स्काउटचा माणूस आपण गेलो त्या वाटेवर खूण ठेवतो. मी फाट्यावर आलो, पळसाची पानांसकट फांदी तोडली, उजव्या वाटेवर आडवी टाकली, वर दगड ठेवला आणि माझ्या हुशारीवर खूश होऊन पुढे गेलो.

ओढ्यावर चहाचं पाणी दोनदा उकळून आटलं. कोणी येईना. तेवढ्यात झाडीतून डोक्यावर आवळ्याची टोपली घेतलेली एक बाई उतरली. तिचं नाव मंगली, हे मागाहून कळलं. मला पाहून ती थबकली. म्हणाली, "तू कसा आला बाबू? ही वाट तर बंद केली हाये कोणी. फांदी हाये टाकलेली. म्हणून मी झाडीतून आली."

मी म्हटलं, बंद कशी, फांदी म्हणजे इकडे या. ती हसली. "फांदी म्हणजे येऊ नोको. मोकळी वाट आपली."

मंडळी, मग माझ्या लक्षात आलं. ताई त्या मुलखात वाढलेल्या. त्या फांदी पाहणार, आणि बरोबर डावीकडे वळणार. डावी वाट कुठे जाते हे विचारलं, तर मंगलीबाईंनी डोंगराच्या माथ्याकडे बोट केलं. वाटेत पाणी नाही, अस्वलं मात्र आहेत, असंही त्यांनी सहज सांगितलं.

मी सायकल घेऊन उलटा पळालो. फाट्यावर पोहोचलो. आणि तिथे मी काय केलं? इथपर्यंतची चूक अडाणीपणाची होती. पुढची नव्हती. मी फांदी उचलली, डाव्या वाटेवर नेऊन ठेवली, तोच दगड वर ठेवला, म्हणजे खूण बरोबर होती आणि चुकल्या त्या ताई असं दिसावं, आणि मग त्यांना शोधायला चढ चढलो.

दिवस मावळायच्या आत मी वरच्या पाड्यावर पोहोचलो. पहिल्याच अंगणात हिरवी सायकल भिंतीला टेकलेली दिसली आणि मी माझी तिच्याशेजारी टेकवली. देवराव सर खाटेवर झोपले होते, अंगात ताप. ताई पायरीवर बसून आंबील पीत होत्या. म्हणाल्या, "आले काय सर? बसा. आधी थोडं घ्या." एवढं हायसं वाटल्याचा क्षण माझ्या आयुष्यात आजवर दुसरा नव्हता. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी आंबील प्यालो.

दुसऱ्या दिवशी त्याच फाट्यावरून परतलो. फांदी डाव्या वाटेवर. ताई सायकलवरून उतरल्या, फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बसल्या. देवराव सरांना विचारून उपयोग नव्हता. चढावर ते फक्त स्वतःचं पुढचं चाक पाहतात. सर हसताहेत, म्हणजे खरं आहे.

आम्ही एक दिवस उशिरा परतलो. रुखमावहिनी, म्हणजे देवराव सरांच्या मंडळी, आदल्या दिवसापासून शाळेच्या फाटकाशी बसल्या होत्या. चौकशी झाली. मी सांगितलं, फांदी डाव्या वाटेवर होती. ते खोटं नव्हतं, आणि त्याहून मोठं खोटं मी कधी बोललो नाही. ताईंनी लिहून दिलं, "मी वाट चुकले." संस्थेनं निर्णय घेतला, की ज्यांना स्वतःला वाट सापडत नाही त्यांच्याबरोबर मुली पाठवता येणार नाहीत. मी कायम झालो. मुली गेल्या नाहीत. दर डिसेंबरात ताई अर्ज करत, दर डिसेंबरात तो परत येई. त्या सोळा मुलींपैकी दोघींची लग्नं झाली. अंजना आज इथे बाळाला घेऊन बसली आहे.

गेल्या रविवारी मी ताईंच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "मले तवाच समजलं होतं. फांदी चालत येते काय?"

मी विचारलं, मग बोलल्या काऊन नाही? तर म्हणाल्या, "तुमची नोकरी गेली असती. अन् मी शेवटच्या सायकलवाली. पुढचा माणूस मागं येत परेंत थांबाच लागते. मी थांबून राह्यली होती. लई वेळ लावला पन तुम्ही."

परवा मी हे सगळं लेखी सचिवसाहेबांकडे दिलं. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलले. ते मी इथे सांगत नाही, मुली बसल्या आहेत. नंतर त्यांनी ताईंचा यंदाचा अर्ज मागवला. काल सकाळी त्यावर सही झाली. नाताळच्या सुटीत सोळा मुली एटापल्लीला जात आहेत. निवृत्त झाल्या तरी ताई सोबत आहेत, आणि फाट्यावर लालसूभाऊ स्वतः उभे राहणार आहेत. माझ्यावर संस्था जी कारवाई करील ती मला मान्य आहे. चार वर्षांनंतर मला रात्री झोप लागते आहे, हे मी ताईंचे आभार मानूनच सांगतो.

मुलींनो, टाळ्या नंतर. एक गोष्ट राहिली. काल मी ताईंना विचारलं, मी येऊ का? आणि आलो तर कुठे राहू? मनात धरून होतो, की मला घरीच थांबा म्हणतील. त्यांनी सायकलीत हवा भरायचा पंप माझ्या हातात दिला. "मी पोरींसोबत पुढं राह्यतो यंदा. शेवटची सायकल तुमची."

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, गिरजाबाईंनी घड्याळ पाहूनही घंटी वाजवली नाही, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, याबद्दल मी ऋणी आहे. अशा प्रसंगी वक्ता शेवटी म्हणतो, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. बोलण्यातलं आपण पदरात घ्यालच. न बोलण्यातलं जे आहे त्याची क्षमा मी या सभागृहापुढे ताईंकडे मागतो, आणि माझे शब्द इथेच थांबवतो.