पिवळं बटण

दोन हजार चार साल. कोल्हापूरच्या स्टँडवर मलकापूरच्या गाडीला रांग होती. माझ्या पुढं नवराबायको उभी होती. बाईच्या हातात त्या दोघांनी गायलेल्या गाण्यांची नवी सीडी होती.

"दुकानात सगळी सीडी ऐकली. तुमी हाय, ढोलकी हाय, मागच्या पोरी हायत. मी कुठं हाय?"

"हळू बोल अंजना. लोकं बगत्यात."

"बगू देत. तीन दिवस स्टुडिओत घसा फोडला की मी."

"तुजा आवाज कंप्युटरात हाय. पुसलेला न्हाई."

"मग सीडीत का न्हाई?"

"हरेकाच्या आवाजाचा ट्रॅक येगळा असतो. तुज्या ट्रॅकचं म्यूटचं बटन दाबलं गेलं. गाणं चालू ऱ्हातं, तेवढाच आवाज बंद हुतो."

"कुनी दाबलं?"

"स्टुडिओवाल्यानं, चुकून. मी तवा चहाला भाईर गेलतो."

"त्याला कळलं न्हाई?"

"दाबल्यावर बटन पिवळं झालेलं चांगलं दिसत हुतं, पर त्याचं ध्यान नसंल."

"तुमी चहाला गेलतासा न्हवं? मग पिवळं कुनाला दिसलं?"

"गाडी लागली बग."

"जाऊ दे गाडी. कुनी दाबलं?"

"तुजा आवाज माज्या वर जात हुता. ऐकनारा म्हनला असता, गाणं बाईचंच हाय."

"व्हय, जात हुता. भीमजयंतीला चौकात गाताना बी वर जानार. तिथं बटन न्हाई. माजं तोंड सगळ्यांम्होरं हातानं दाबा."