आमची पवित्र वस्ती

मन्हा जन्म विसरवाडीच्या वरच्या डोंगरातला, आणि काय सांगू तुमले दादा, आमच्या पाड्यात येशूचं नाव घेणारा पयला माणूस मन्हा बाप. आजारी व्हता, भगताच्या हाताने बरा झाला नही, प्रार्थनेने झाला, मग त्याने दारू सोडली, ढोल सोडला. तोवर कोणी बोललं नही. पण आमच्याकडे कसं, पेरणीच्या आधी घरोघरचं मूठभर बी गावदेवापुढे एकत्र करायचं, कोंबडं द्यायचं, आणि तोपर्यंत कोणी नांगर धरायचा नही. बापाने ते मूठभर बी दिलं नही. गाव म्हणे, तुझ्या एकट्यामुळे पाऊस थांबला तर आमची पोरं काय खातील. आईचा भरलेला हंडा विहिरीवर ओतून दिला, नांगराले कोणी बैल देईना.

बाप म्हणे, देवाने आपल्या लोकांले मिसर देशातून काढलं, आम्हलेबी काढील. अजून चार घरं येशूच्या विश्वासात आली व्हती, ती धरून आम्ही निघालो, थेट गुजरातच्या हद्दीकडे, उजाड माळावर. दगड वेचून वेचून आईची नखं गेली. स्वतःची घरं नंतर, आधी प्रार्थनेचं छप्पर. बाप म्हणे, इथे सगळं चोख ऱ्हाईल, इथे पापाले जागा नही. मी लहान पोर, माले खरंच वाटायचं, देव आमच्याच माळावर ऱ्हायला आला शे.

मोठा भाऊ तेवढा नही आला. तो म्हणे, बाबा, तुमचा देव खरा असेल, पण आजोबाची जमीन सोडून मी कुठे जाऊ. बापाने त्याचं नाव घेणं बंद केलं.

मन्हं लग्न वस्तीतच झालं, पोरगा झाला, नवरा गेला, त्याची माती तिथेच शे. मग तिकडे पाड्यात मोठा भाऊ वारला. मी त्याच्या दिवसाले गेले, कोणती बहीण नही जाणार? ढोल वाजला, दिवसाचं जेवण झालं, वहिनीने ताट पुढे केलं, मी जेवले. वस्तीत पाय ठेवायच्या आधी बातमी पोचलेली. बाप म्हणे, सगळ्यांसमोर उभी ऱ्हा, भुताखेताचं अन्न खाल्लं म्हणून कबूल कर. मी म्हटलं, बाबा, ते मन्ह्या भावाचं जेवण व्हतं.

आता आमच्या त्या पवित्र वस्तीची रीत ऐका. पेरणीच्या आधी सगळ्यांनी बी चर्चमध्ये आणायचं, एकत्र प्रार्थना करायची, मगच पेरायचं. मन्ही टोपली बापाने स्वतःच्या हाताने उचलून दाराबाहेर ठेवली. म्हणे, तुझ्या एकटीमुळे देवाने पाऊस थांबवला तर आमची पोरं काय खातील. मी त्याच्या तोंडाकडे पाहतच ऱ्हायले. तेच शब्द हो! माणूस विसरतो तरी कसा? कोंबडं तेवढं कमी, बाकी सगळं तेच.

मन्हं शेत पडीक ऱ्हायलं, कोणी फिरकेना, पोरगा आजोबापाशीच ऱ्हायला, मग मी एकटीच खाली विसरवाडीत आले, हायवेवर चहाची टपरी टाकली. बाप मेला ते माती झाल्यावरच कळलं. बापाच्या जागी आता मन्हा पोरगा चर्चचा वडील, म्हणजे पुढारी शे, तोच वस्ती चालवतो. एकदा आला व्हता, म्हणे, आई, कबूल करून टाक ना, काय जातं तुझं. मी म्हटलं, मन्हा भाऊ जातो. परत आला नही.

प्रार्थनासभेले जाताना वस्तीवाल्यांची गाडी इथेच थांबते. सगळे उतरतात, तोबी उतरतो, शेजारच्या टपरीवर उभा ऱ्हाऊन चहा पितो, मन्ह्याकडे पाठ करून. वाईट वाटतं, नही कशाले म्हणू, रागबी येतो. त्या लोकांनी मन्ह्या हातातून सगळं काढलं, पण देव नही काढता आला त्यांले. रोज टपरी उघडायच्या आधी मी गुडघे टेकते. म्हणते, देवा, मन्ह्या पोराले सुखात ठेव, आणि त्याच्या लेकीले कधी भाऊ आणि तू यातलं एक निवडायला लावू नको. आमेन म्हणायले बाजूले कोणी नसतं, तेबी मीच म्हणते.