तरवडाचा चहा

अगं, मला बघायला पाव्हणे आले, त्या दिवशी आमच्या घरात चहाची पत्तीच नव्हती! बहात्तरचा दुष्काळ, दूध तर लांबच. बिनचहाचे पाव्हणे उठले तर सोयरीक गेलीच म्हणून आई रडकुंडीला आली. मी मागच्या दारानं बांधावर पळाले, ओटीभर तरवडाची फुलं तोडली आणि गुळाचा खडा टाकून उकळली. उन्हाळा बाधला की आमच्याकडं हेच प्यायचे.

कपात नुसतं सोनं उतरलं. मुलाच्या वडलांनी घोट घेतला अन् थांबले.

"असल्या सालात फुलं? कुठनं आणली?"

"बांधावरली हायेत, पोरीनंच तोडून आणली," आई घाबरत म्हणाली.

ते कप घेऊनच बाहेर आले, मागोमाग आम्ही सगळे. लिंबाला पान नव्हतं, जमीन भेगाळलेली, अन् बांध सगळा पिवळाधमक!

"ह्याला पाणी कोण घालतं?"

"कुणीबी न्हाय," मीच बोलून गेले.

त्यांनी टोपी काढली आणि बांधाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत एकेक झुडूप बघत गेले. शेवटी आमचे मामा हळूच म्हणाले, "पाव्हणं, पोरगी बघायची ऱ्हायली की!"

"बघितली," ते म्हणाले, आणि रिकामा कप माझ्याफुडं धरला.