जागतिक नागरिकाची वहिनी

"सून गुणाची आहे हो, पण नव्या फ्रिजसारखी… आवाजच नाही, चालू आहे की बंद ते दार उघडून बघावं लागतं." असं आमच्या सासूबाई शेजारच्या काकूंना दारात उभं राहून हळूच सांगत होत्या, आणि दाराच्या आत हातात झाडू घेऊन मी. आता तुम्हाला सांगते, फ्रिज म्हटल्याचं मला वाईट नाही वाटलं, पण बोलायला जागा तर हवी ना? सासरे बोलतात, सासूबाई त्याहून जास्त बोलतात, नवरा एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावत बसतो, आणि उरलीसुरली जागा धाकट्या नणंदेने घेतली, कारण ती अकरावीत असतानाच डिग्रीच्या कॉलेजात गेली. म्हणजे जेवणाच्या टेबलावर बसूनच गेली, लॅपटॉप लावून, पाच देशांतल्या मुलांबरोबर, विषय जागतिक नागरिकत्व, आठ आठवडे, आणि पास झाली की मार्क पुढे खऱ्या कॉलेजात धरणार. आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस. मी आपली चहा ठेवून आले… काही बोलले नाही.

सासरे सुतार. दुकान घराला लागूनच. तिचा वर्ग सुरू झाला की करवत बंद, आणि गिऱ्हाईक आलंच तर, "जरा हळू बोला, आमची धाकटी पाच देशांत बसलीये." सासूबाई ठेवणीतले कपडे घालून कॅमेऱ्याच्या मागून एकदा तरी जायच्याच, आणि वर मला विचारायच्या, "दिसले का गं मी?" आता काय सांगायचं, नुसता खांदा दिसला म्हणून?

पण पोरगी हुशार हो. चौथ्या आठवड्यात बाईंनी विचारलं, तुमच्या ओळखीतला जागतिक नागरिक कोण? बाकीच्या मुलांनी मोठमोठी नावं घेतली. ही म्हणाली, "माझे बाबा. त्यांनी केलेल्या खुर्चीवर बसणाऱ्याला ते गाव विचारत नाहीत, देश विचारत नाहीत, फक्त वजन विचारतात." दाराआडून ऐकणारे सासरे दुकानात गेले आणि तासभर एकाच फळीला रंधा मारत बसले. फळीचा पापड झाला. मी पाहिलं, पण बोलले नाही.

आणि मग आला शेवटचा प्रकल्प. तुमच्या आसपास नव्याने राहायला आलेलं एक माणूस शोधा, त्याची मुलाखत घ्या, इथले न सांगितलेले नियम त्याला कसे शिकावे लागले ते विचारा. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. नाही दिला तर आठही आठवडे पाण्यात.

झालं. सगळं घर नवं माणूस शोधायला निघालं. सासऱ्यांनी पाववाल्याला धरून आणलं, तर तो म्हणाला, "नवा? तीस वर्षं झाली, तुमच्या लग्नात पाव मीच दिलाय." सासूबाईंनी कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं, तो दोन दिवस रागावून बसला. नवऱ्याने बँकेतला नवा कारकून ठरवला, त्याची शुक्रवारी बदली झाली. रविवार उजाडला, दुपार झाली, आणि घरात एकच घोष, "या गल्लीत एक माणूस नवीन नाही म्हणजे काय?" हे सगळे माझ्याच हातचा चहा पीत म्हणत होते बरं का. मी कप गोळा केले. बोलले नाही.

साडेचार वाजता धाकटी स्क्रीनसमोर रडवेली होऊन बसली, गटातली बाकीची मुलं धीर देत होती, आणि मी मागून ट्रे घेऊन चालले होते. त्यांतल्या एका पिवळ्या टोपीवाल्या मुलीने तिकडून काहीतरी विचारलं. धाकटी थांबली. मग आम्हाला सांगू लागली, आवाज अगदी बारीक, "ती विचारतेय… ट्रे घेऊन जाते ती कोण. मी म्हटलं वहिनी. ती म्हणते, कधी आली. मी म्हटलं…"

तीन महिने. तीन महिने झाले होते मला.

तुम्हाला सांगते, चार माणसं एकदम वळून आपल्याकडे बघतात ना, तेव्हा ट्रे फार जड होतो. सासूबाई पुटपुटल्या, "अगं बाई, ही तर घरातलीच," आणि मग स्वतःच बोटांवर महिने मोजू लागल्या. धाकटीने डोळे पुसले, सरळ उठली, मला स्वतःची खुर्ची दिली, वही उघडली. सोळा वर्षांची पोर, पण विचारलं असं, की तीन महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं. "वहिनी, चुकलं आमचं. आता सांग. इथला कुठला नियम तुला कोणी सांगितला नाही आणि तूच शिकलीस?"

किती तरी होते हो. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी असली तरी सासऱ्यांची असते. स्वयंपाकघराची खिडकी दुपारपर्यंत उघडायची नसते. सासूबाई 'राहू दे' म्हणाल्या की राहू द्यायचं नसतं. पण समोर पाच देश, मागे सासूबाई, आणि दारात सासरे, ज्यांनी अर्ध्या गावाच्या भिंतींना खुंट्या ठोकल्यात. माझा टॉवेल मात्र अजून खुर्चीच्या पाठीवर. धाकटीचं पेन वर, घड्याळात पावणेपाच, आणि सगळे फ्रिज चालू व्हायची वाट बघताहेत.

मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "बाथरूममध्ये खुंट्या चार आहेत आणि आपण पाच जण. बाबा, जगाचं होईल सावकाश, तेवढी पाचवी खुंटी ठोका."