दोन्ही बाजू तात्यांच्याच

बांधावरून भांडताय ना, मग आमच्या वरकुट्याच्या तात्यांचं ऐका. तात्या म्हणजे माझे चुलते. ते आणि शेजारचे इमामभाई दरसाल नांगरताना मधला बांध आपापल्या बाजूनं कोरायचे. त्यावरून बारामतीच्या कोर्टात दावा चालू होता आणि बोलणं कधीचंच बंद.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. उताराची माती वाहून जाते म्हणून सरकार रानात बांध घालून द्यायला लागलं, बराचसा खर्चही सरकारचाच. बांध आखायला आलेल्या सरकारी साहेबानं तात्यांच्या रानात मधोमध चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. तात्या कडाडले, "साहेब, माझं वरचं रान कुणाला दिलंत?"

"कुणालाच नाही हो! हा बांध हद्दीचा नाही, पाणी अडवायचा. दोन्ही बाजू तुमच्याच. फक्त कोरू नका, नाहीतर सगळी माती ओढ्यात जाईल."

तात्यांना ते काही केल्या पटेना. "दोन्ही बाजू माझ्याच? मग भांडायचं कुणाशी?"

बांध झाला, पाणी थांबलं, ज्वारी डोक्याच्या वर गेली. पुढच्या साली तात्यांनी नांगर धरला आणि सवयीनं तोही बांध चांगला हातभर कोरला.

इमामभाई आपल्या रानातून बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले, "तात्या, आता दावा कुणावर लावणार?"

तात्यांनी बैलं थांबवली. एकदा बांधाकडं बघितलं, एकदा इमामभाईंकडं.

"तुज्यावर! मगापासनं बघतुयास, मग थांबवलं का न्हाईस?"