वाकला का लवला

दीक्षेला वर्ष होत आलं होतं. जामच्या चौरस्त्यावर मी हिंगणघाटच्या मोटारीची वाट पाहत उभा होतो. मागे दोघांचं चाललं होतं. बोलण्यावरून कळलं, की एक गावचे जुने मालगुजार बाबारावजी आणि दुसरा गुलाब, मागच्या दसऱ्याला नागपुरात जाऊन बौद्ध झालेला.

"बाबारावजी, गुलाब माह्यासमोर लवला, असं तुमी चावडीवर काऊन सांगून राह्यले?"

"लवलाच ना तू काल, माह्या ओट्यासमोर. साऱ्यायनं पाह्यलं."

"लवलो नाई, वाकलो. पायात काटा रुतला होता."

"माह्याच ओट्यासमोर बरा रुतला!"

"बाभूळ तुमचीच हाय."

"अरे, वाकला काय आन् लवला काय, पाठ त खालीच गेली ना?"

"काट्यासाठी गेली, तुमच्यासाठी नाई. माही माय कालपासून माह्याशी बोलत नाई. म्हणते, दीक्षा घेतली, पण तुही जुनी खोड गेली नाई."

"मंग मी काय करू?"

"गावात सांगा, का काटा होता."

"आन् मी हात वर करून आशीर्वाद देल्ला, त्याचं काय? बाबारावनं काट्याले आशीर्वाद देल्ला म्हणून लोक हासतीन ना!"

"मी सांगतो, बाबारावजी माशी हाकलत होते."

दुरून मोटारीचा भोंगा ऐकू आला.

"माशी नोको म्हणू, गुलाब. पागोटं सावरत होते, असं म्हणजो."