दोनच पाती उरली

रामाजी : मोडलं.

उर्मिला : मोडू द्या, मामाजी. आधी बटन बंद करा.

रामाजी : सकाळपासून हे तिसरं पातं होय. अन मी तर काईच नाई केलं.

उर्मिला : तुम्ही दाबलं.

रामाजी : सुतार लाकडाले दाबन नाई, त काय कुरवाळन? चाळीस वर्सं करवत चालवली. बंडीचे चाकं केले, वखर केले. असं केसावानी पातं कुठी नाई पायलं.

उर्मिला : ती करवत तुम्ही चालवत होते. ही मशीनीतली आपली आपण खालीवर चालते. आपण फक्त लाकूड फिरवायचं.

रामाजी : करवत जागेवर अन लाकूड फिरते? मंग सुतार काय करते?

उर्मिला : रेघेवर नजर ठेवते.

रामाजी : मले समजूनच नाई रायलं, बाई.

उर्मिला : माझी शिलाई मशीन पाहिली ना तुम्ही? सुई जागेवर, कापड फिरते. कोपरा आला की थांबायचं अन कापड वळवायचं. हे वळवणं मी त्याच्यावरूनच शिकली.

रामाजी : कुठं पायली? तू माजघरात शिवते. मी खाकरून आत आलो का तू उठून जाते.

उर्मिला : हो, ते पण खरं.

रामाजी : अनिलची छिंदवाड्याची बस किती वाजता येते?

उर्मिला : साडेपाचला.

रामाजी : काल अनिल, तुया नवरा, काय बोलला, आयकलं नं? बाबा, सौंसरात काय करता, आपल्या गावी मोहगावले जाऊन आराम करा. झाडावरून पडलो तवापासून उजव्या हातात जोर नाई, मान्य हाय. पन या मशीनीले जोरच लागत नाई म्हनते. तो घरी याच्या आत या लाकडी जाळीतलं एक पान कापून दाखवलं त मी दुकानात राहीन. नाई त वट्ट्यावर बसून आल्यागेल्याले रामराम करा. मले भेव लागते तसं बसाचं.

उर्मिला : दोनच पाती उरली. नवी नागपूरवरून आणावी लागतात. दात खाली करून लावा. वर नाही, खाली.

रामाजी : आता यात वर कोनतं अन खाली कोनतं?

उर्मिला : बोट खालून वर न्या. अडलं तर बरोबर.

रामाजी : अडलं. पन हे पान त जाळीच्या मधात हाय. कडेपासून चिरत जाऊ का?

उर्मिला : जाळी फुटेल. पानात पाडलेल्या या भोकातून पातं ओवा, मग मशीनीत अडकवा. हां. करा चालू. हळू. लाकूड उडून राहिलं, खाली दाबून धरा. मामाजी, दाबू नका.

रामाजी : दाबा म्हनते, दाबू नका म्हनते. कोनतं खरं?

उर्मिला : दोन्ही. खाली दाबायचं, पुढं नाही. किती, ते बोलून नाही सांगता येत. यांनी माझे हात धरून शिकवलं होतं.

रामाजी : बंद कर. मोडन.

(मशीन थांबते.)

रामाजी : सात वर्सं झाले तुले या घरात येऊन. पान्याचा गिलास बी कधी माया हातात नाई देल्ला. खाली ठेवते, मी उचलतो.

उर्मिला : आईंनीच सांगितलं होतं. सासऱ्याच्या हाताला सुनेचा हात लागू नये.

रामाजी : तुया सासूनं, केसरनं, सांगतलं ते बरोबर हाय. तसंच चालत आलं. पन असं मशीन घरात येईन, हे तिले काय माईत?

उर्मिला : मग काय करायचं?

रामाजी : मलेच समजत असतं त तीन पाती मोडले असते का? धर माया हात.

उर्मिला : दार उघडं आहे, मामाजी. पदरही पडेल डोक्यावरचा.

रामाजी : पडू दे, पोरी. कमरेत खोच, मशीनीत सापडन.

उर्मिला : धरले हात. करा चालू. बोटं ढिली सोडा. अजून. आता रेघ जाईल तिकडं जाऊ द्या.

रामाजी : मी त काईच करून नाई रायलो.

उर्मिला : बस, तेच करायचं. निघालं पान. आता दुसरं तुम्ही एकटे कापा.

रामाजी : बोलू नको मंग. रेघ चुकन.

उर्मिला : नाही बोलत.

रामाजी : निघालं. वाकडं झालं पन.

उर्मिला : कडुनिंबाचं वाकडंच असते. पातं पाहा, शाबूत आहे.

रामाजी : हे वाकडंच ठेव अनिलसाठी. तुयावालं नको दाखवू. गळा सुकला, पानी आन बरं.

उर्मिला : आणलं. इथं ठेवू?

रामाजी : कायले ठेवते? हातात दे.